बदामाच्या पानाचं पाणी

ज्या पोट्ट्याले कोणतंच व्यसन नाई, त्याचा मले पहिले शक येते. तुम्ही हसा, पण आमच्या सावली तालुक्यात एक चक्कर मारा अन् मग बोला. तंबाखू-सुपारीचा खर्रा न खाणारा एक गडी मले दाखवा. गिरणीवर, बस स्टॉपवर, मयतीच्या घरी, जिथी चार जण टेकले तिथी खर्रा घोटणं सुरूच असते. म्हणून लटारूभाऊ जवा माझ्या भाचीसाठी स्थळ घेऊन आले अन् म्हणाले, "नीलाबाई, पोट्टा सोन्यासारखा आहे, खर्रा नाई, बिडी नाई, दारूचा थेंब नाई, पत्त्याले हात नाई," तवा मी चहाचा कप खाली ठेवला.

"मग तो करते काय, भाऊ?"

लटारूभाऊ आमच्याच गावचे. लोकायच्या सोयरिकी जुळवणं हा त्यायचा शौक. ते म्हणाले, "नागभीडले स्टेशनापाशी मोटरपंप दुरुस्तीचं दुकान आहे. आदेश नाव. बाप श्रीहरी, माय वच्छला, एकुलता एक. काम झालं की सीधा घरी जाते."

"घरी जाऊन काय करते?"

"घरीच राह्यते."

हे तर मले आणखीनच खटकलं. जवान पोट्टा दिवस मावळायच्या आत घरी जाते अन् घरीच राह्यते, म्हणजे घरात काईतरी आहे.

माझा शक काई हवेतून आलेला नाई. मोनाली माझ्या भावाची, देवाजीची पोरगी. तिची माय लवकर गेली अन् देवाजी दारूत गेला. माझं लग्न झालं होतं, टिकलं नाई, त्याची गोष्ट इथी नको. मी माहेरी आली अन् पोरीले वाढवलं. जिल्ह्यात दारू बंद झाली तवा मी देवापुढं नारळ फोडला होता. देवाजीचं काई बंद झालं नाई, फक्त तो लपवायले शिकला. तनसाच्या ढिगात लपवे, कोंबड्यायच्या डालीखाली लपवे, रोवणीच्या दिवसांत तर धानाच्या रोपायच्या, पऱ्ह्यांच्या पेंढ्यांत बाटली खोचून ठेवे. मी वासावर जाऊन काढे अन् चार माणसांपुढं मुरमावर सांडवे. मोनाली माझा पदर धरून उभी राहे. देवाजी म्हणे, "उद्यापासून सोडतो, नीला." दवाखान्यात शेवटच्या दिवशीही हेच म्हणला. तो उद्या काई आला नाई.

तवापासून मी मनाशी पक्कं केलं होतं. पोरीले कुठीही देईन, गरिबाघरी देईन, पण एखाद्या आदतीच्या हाती देणार नाई.

तर नागभीडले घर पाहाले गेलो. मी पहिले शेजारणीले गाठलं. घराची खबर घरात मिळत नाई, शेजारी मिळते. ती म्हणाली, "पोट्टा चांगलाच आहे बाई, पण मागच्या खोलीत घुसला की निघत नाई. आतून सारखं काईतरी घुरघुरते. खोलीले कुलूप असते." मी म्हटलं, घ्या.

पोहे झाले, चहा झाला. मी हात धुवायचं निमित्त करून मागं गेली अन् खिडकीच्या फटीतून आत डोकावली. आत फळ्याच फळ्या, अन् फळ्यांवर बाटल्या, बरण्या, कापलेल्या कॅना. सगळ्यांत तांबूस पाणी. बारक्या प्लास्टिकच्या नळ्या इकडून तिकडं गेलेल्या. असं तांबूस पाणी अन् अशा नळ्या मी मोहाच्या भट्टीवर पाहिल्या होत्या, देवाजीले शोधत जायची तवा.

बैठकीत येऊन मी सगळ्यांपुढं विचारलं, "मागच्या खोलीत भट्टी किती दिवसांपासून आहे?"

श्रीहरीभाऊच्या हातातला कप तसाच राहिला. आदेश कानापर्यंत लाल झाला. उठला, खुंटीवरची चाबी काढली अन् म्हणाला, "या आत्याबाई, पाहून घ्या."

आत मासे होते. बोटाएवढे, निळे, लाल, पांढरे, लुगड्याच्या पदरासारखे पंख पसरलेले. एकेका बाटलीत एकेक. दोन बाटल्यांच्या मधात पुठ्ठे लावलेले. मी म्हटलं, पुठ्ठे काऊन? तर म्हणे, एकमेकायले पाहिलं की भांडण करतात, म्हणून फायटर म्हणतात. पाणी तांबडं काऊन? तर म्हणे, बदामाचं वाळलेलं पान टाकतो, त्यानं मासा बिमार पडत नाई. नळ्या हवेच्या, घुरघुर हवेच्या पंपाची. मी एक बाटली उघडून वास घेतला. पाण्याचाच होता.

आता कोणी म्हणीन, नीलाबाई, मिटलं मग. नाई मिटलं. मी मासे पाहत नव्हती, त्याचं तोंड पाहत होती. इतका वेळ मान खाली घालून बसलेला पोट्टा, त्या खोलीत गेल्याबरोबर वेगळाच झाला. मले सांगून राह्यला, "आत्याबाई, हा नर पाहा. तोंडानं हवा घेऊन पाण्यावर फेसाचं घर बांधते. मादीनं अंडी टाकली की हा एकेक तोंडात धरून फेसात नेऊन लावते. मादीले मग बाहेर काढा लागते, नाई तर ती अंडी खाऊन टाकते. हा न खाता-पिता पहारा करते. एक अंडं खाली पडलं की परत वर." बोलता बोलता बैठकीत पाव्हणे आहेत हे तो विसरला. वाकून काचेले नाक लावलं अन् गप्पच झाला. ही नजर मले ओळखीची होती. देवाजी बाटली उजेडात धरून अशीच पाहे, किती उरली म्हणून.

मागून वच्छलाबाई म्हणाल्या, "काय सांगू बाई. चुलत बहिणीच्या हळदीतून उठून आला, पिल्लं निघायची होती म्हणे. एक बरणी शेवटची, मग बस, असं दर महिन्याले म्हणते." त्या बिचारीनं हसत सांगितलं. मी वाकून त्या खोलीतल्या दिवाणाखाली पाहिलं. तिथीही दोन बरण्या होत्या, पोत्यानं झाकलेल्या. वच्छलाबाईले ठाऊक नव्हत्या. आदेशनं खाली पाहिलं.

लपवणं आलं, शेवटची एक आली, सणासमारंभातून उठून जाणं आलं. आता दारूच्या जागी मासा आहे म्हणून मी डोळे मिटू काय?

घरी येऊन मी हात नाचवून नाचवून मोनालीले सगळं सांगितलं. पुठ्ठे कसे, फेस कसा, बदामाचं पान कसं पाण्यात सोडते, पाणी चहासारखं कसं होते, थंड जागी कसं ठेवते. असा माणूस, अशी तऱ्हा. ती भाजी निवडत ऐकत होती. तिले फोटोत तो पसंत पडला होता, हे मले माहीत होतं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "मग मायमासोळीले काढून कुठी ठेवते?"

"तुले काय करा लागते," मी म्हटलं.

लटारूभाऊ उत्तर मागायले आले तवा मी म्हटलं, "साक्षगंध, साखरपुडा मागून. पहिले त्याले आपल्या गावात रोवणीले येऊ द्या. तुमच्या घरी राहीन, आमच्या धानाच्या बांधीत काम करीन. रोवणी उरकेपर्यंत माशाले हात लावायचा नाई, मासा पाहायचा नाई, नाव काढायचं नाई. जमलं तर पुढचं बोलू." रोवणीत मजूर भेटत नाईत, सोयरेधायरे मदतीले येतातच, त्यामुळं कोणाले यात वावगं दिसलं नाई. खरं काय ते लटारूभाऊले समजलं. "तुम्ही म्हणजे ना, नीलाबाई," म्हणाले, अन् निरोप घेऊन गेले.

तो आला. मासे मायच्या हवाली केले अन् निघता निघता दोनदा घरात परत गेला, असं लटारूभाऊ म्हणाले.

कामाले वाईट नव्हता, हे सांगायले मले जड जाते. पऱ्हे खणे, पेंढ्या वाहून बांधीत टाके, बायांसंग वाकून रोवे. मी बांधीच्या काठाले, धुऱ्यावर उभी राहून नजर ठेवे. पहिल्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मोबाईल कानाले लावून बोलून राह्यला होता, "माय, पाणी बदललं काय?" मी समोर जाऊन उभी राहिली. त्यानं मोबाईल बंद केला अन् लटारूभाऊच्या हाती दिला. म्हणे, रोवणी झाल्यावर द्या. मले वाटलं, नाटक आहे. देवाजीही असाच माझ्या हाती बाटली आणून देई, अन् दुसरी खोचलेली असे.

मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आमची मोठी बांधी बोडीले, गावच्या लहान तळ्याले लागून आहे. बोडीचं पाणी वाहून तिच्या कोपऱ्यात थांबते, अन् बोडीतले बारीक मासे बांधीत चढतात. आदेश त्या कोपऱ्याकडं जात नसे. जावंच लागलं तर मान वळवून जाई, दारुडा भट्टीवरून जाते तसा. मी तिथी जाऊन पाहिलं. काठाच्या गवतात भाताच्या पेजेवरचा असतो तसा थोडा फेस होता, अन् खाली एक निळ्या-तांबड्या रेघांचा मासा. असे मासे आम्ही सुकवून तिखटात टाकतो. मी ध्यान दिलं नाई.

पण दुसऱ्या दिवशी पाहते तर आजूबाजूले धान रोवलेलं अन् तो कोपरा सुपाएवढा कोरा. मी बायायले विचारलं, कोणी सोडला? त्या एकमेकींकडं पाहून म्हणाल्या, "राहू द्या ना बाई, उद्या करू." माझं डोकं फिरलं. म्हणजे यानं माझ्या मजूर बायाही फितवल्या. मी बोलली नाई. चोराले पकडायचं तर मुद्देमालासकट.

मुद्देमाल त्याच दिवशी सापडला. दुपारून पऱ्ह्यांच्या पेंढ्या ओल्या पोत्याखाली ठेवल्या होत्या. मी पेंढी उचलायले हात घातला अन् हाताले बाटली लागली. कोल्ड्रिंकची, अर्धी भरलेली, तोंडाले फडकं बांधलेलं. आत तांबूस पाणी.

पऱ्ह्यांच्या पेंढीत बाटली. हात आपोआप चालला. पांदणीच्या वाटेवर आली, फडकं ओढलं अन् सगळ्या बायांपुढं मुरमावर सांडवली. मुरूम तहानलेला नव्हता, तरी पाणी प्याला. बाटलीतून एक वाळकं पान अर्धं बाहेर आलं अन् तोंडाशी अडकलं. तवा मी वास घेतला. वास दारूचा नव्हता.

"ही कोणाची?"

आदेश बांधीत उभा होता. त्यानं बाटलीकडं पाहिलं, पानाकडं पाहिलं. मोनाली तिथी नव्हती, ती पल्याडच्या बांधीत पऱ्हे खणून राह्यली होती. तो त्या बाजूले एकदा पाहून म्हणाला, "माझी आहे, आत्याबाई."

"शब्द दिला होता तू."

"हो. मोडला."

"मग बाबू, पाय धू अन् एसटी पकड. आमची पोरगी अशा घरी जायची नाई."

बाया काई बोलायले लागल्या, मी हातानं थांबवलं. त्यानं पाय धुतले, लटारूभाऊच्या घरून पिशवी घेतली अन् फाट्याकडं चालायले लागला. एक शब्द भांडला नाई. मले वाटलं, जिंकली मी. इतक्या वर्षांत एकदा तरी मी टायमावर बाटली पकडली.

मोनाली पेंढ्या घेऊन आली अन् पांदणीवर थांबली. पेंढ्या तिथीच टाकल्या. ओल्या मुरमापाशी उकिडवी बसली अन् बोट ओलं करून काईतरी उचलायले लागली. मी जवळ गेली. मोहरीच्या दाण्याहून बारीक डोळे, अन् मागं केसाएवढी शेपूट. एकही हलत नव्हतं.

"आत्या, हे माझे होते," ती म्हणाली.

"तो तर म्हणाला, माझी."

"त्याले माहीतच नाई. तो त्या कोपऱ्याकडं मान वळवून काऊन जाते, म्हणून मी पाहाले गेली. फेसात अंडी होती. तो मासा रोज तसाच खाली उभा. मी घडीघडी जाऊन पाहायले लागली. बायायले मीच म्हटलं, एवढा कोपरा सोडा. मग आभाळ भरून आलं, मले वाटलं फेस फुटीन, म्हणून थोडा काढून ठेवला. शाळेपाशी बदामाचं झाड आहे, तिथलं पान आणलं. तूच तर सांगितलं होतं सगळं. काल डोळे दिसायले लागले होते त्यायले."

"मग त्याले दाखवलं काऊन नाई?"

"दाखवलं असतं तर त्याचा शब्द मोडला असता. रोवणी झाल्यावर देणार होती."

"अन् माझ्यापासून लपवलं काऊन?"

ती बोट पुसत उभी राहिली. तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं, ते असतं तर मले बरं वाटलं असतं. "तू बाबाची बाटली सांडवायची तवा मले बरं वाटे," ती म्हणाली. "सुटलं एकदाचं, असं वाटे. म्हणून मी तुले बाटल्या दाखवायची. आज पहिल्यांदा समजलं, ज्याची सांडवली, त्याले कसं वाटते."

देवाजीची बाजू घेऊन बोलणारं जगात कोणी राहिलं असीन, तर ती पोरगी असीन असं मले वाटलं नव्हतं. अन् ती काई चुकीचं बोलली असं मले म्हणताही येईना. राग आला, रडू आलं, अन् सगळ्यात पहिले भीती वाटली. एकाची आदत पारखायले बसली अन् दुसरीले लागली. मले ठाऊकही नाई पडलं, माझ्याच बांधीत.

मी तशीच चिखलाच्या पायांनी फाट्यावर गेली. आदेश पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. एसटी यायची होती.

"खोटं काऊन बोलला?" मी म्हटलं.

तो उठून उभा राहिला. "पान बदामाचं होतं. ते मी नाई टाकलं, तर कोणी टाकलं हे समजलं मले. इतक्या बायांपुढं लपवलेली बाटली पोरीची निघाली असती. माझी निघाली तर काय, मी परका."

"म्हणजे तुले खोटं बोलता येते. हे ध्यानात ठेवते मी." मग विचारलं, "अन् त्या कोपऱ्याकडं काऊन पाहत नव्हता?"

"पाहिलं असतं तर रोवणं सुटलं असतं." मग म्हणाला, "तुमचा शक खरा आहे, आत्याबाई. सुटत नाई ते. अंडी दिसली की वाटते, पिल्लायले डोळे फुटेपर्यंत पाहू. डोळे फुटले की वाटते, पोहायले लागेपर्यंत पाहू. मग रंग कोणता येते ते पाहू. रंग आला की दुसरी जोडी लावतो. शेवटची म्हणतो अन् ती शेवटची नसते. मायले खोटं सांगतो. दुकानात मोटर खोलून ठेवतो अन् ध्यान घरी असते. मी सोडतो म्हणून तुम्हाले सांगू शकत नाई."

मी त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली. देवाजीनं हजारदा सोडतो म्हटलं. सुटत नाई, असं तो एकदाही बोलला नव्हता. बोलला असता तर मी काय केलं असतं, हे मले आजही सांगता येत नाई. कदाचित बाटली सांडवायच्या आधी त्याच्यापाशी बसली असती.

एसटी आली, थांबली, गेली. "चल," मी म्हटलं, "पेंढ्या उन्हात पडल्या आहेत."

तो कोपरा त्या साली आम्ही रोवला नाई. फेसाखालचा मासा होता तिथीच उभा होता. मोनाली अन् आदेश धुऱ्यावर बसून त्याच्याकडं पाहत होते, हातभर अंतर ठेवून. मी त्यायच्याकडं पाहत होती. कोणीतरी पाहिलंच पाहिजे.

तुळशीचं लग्न झाल्यावर या दोघायचं लग्न लावलं. मांडवात मी आदेशवर नजर ठेवून होती, उठते काय म्हणून. तो नाई उठला. मोनाली उठली. लटारूभाऊच्या सुनेजवळ जाऊन विचारून आली, बोडीवरून आणलेली बरणी सावलीत ठेवली ना म्हणून.

परवा नागभीडले गेली होती. मागच्या खोलीले आता कुलूप नसते. मोनाली आत होती, काचेले नाक लावून. पोळी तव्यावर जळली तरी तिले वास आला नाई. मी गॅस बंद केला. खोलीत आली अन् बसायच्या आधी दिवाण उचलून खाली पाहिलं. तिथी एक बाटली होती, पोत्याखाली. तांबूस पाण्याची.

"कोणाची?" मी म्हटलं.

"माझी," मोनाली काचेवरून नजर न काढता म्हणाली. "त्याले सांगू नको."

मी बूच उघडलं, वास घेतला. पाण्याचाच होता. तरी आणखी एकदा घेतला. मग बूच लावलं अन् बाटली होती तिथी, पोत्याखाली, सरळ उभी ठेवून दिली.